उजळणी एका शब्दाची

काही शब्द घरात इतके रुळलेले असतात की त्यांच्याकडे कुणी मुद्दाम वळून पाहत नाही. 'उजळणे' हा असाच एक शब्द. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा उजळतात. दिवाळीच्या आधी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी काढून उजळतात. लग्नसराई आली की जुने दागिने सोनाराकडून उजळून आणतात. मुलाने पाढे पाठ केले की त्याची उजळणी घेतात. आणि मुलगी शिकूनसवरून मोठी झाली तर तिने घराण्याचे नाव उजळले, असे चारचौघांत कौतुकाने सांगतात.

दिवा, हंडा, दागिना, पाढे आणि घराण्याचे नाव! या पाचांत सारखे असे काय आहे, की त्यांना एकच क्रियापद पुरावे?

हाच शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. वधूवरांच्या जाहिरातीत 'उंची', 'शिक्षण' यांच्या पाठोपाठ 'रंग उजळ' असे लिहिलेले असते. हा सहावा अर्थ पहिल्या पाचांच्या पंगतीत बसतो का? ते ठरवायचे तर आधी या शब्दाच्या माहेरी जाऊन यायला हवे.

शब्दाचे माहेर

संस्कृतात 'ज्वल्' असा एक धातू आहे. पेटणे, जळणे, तळपणे हा त्याचा अर्थ. ज्वाला, ज्वलन, ज्वलंत हे शब्द त्याचेच. प्राकृतातून झिजत झिजत तोच धातू मराठीत 'जळणे' होऊन आला. जाळ, जाळणे, चुलीचे जळण ही सगळी त्याचीच मुलेबाळे. (पाणी या अर्थाचा 'जळ' मात्र 'जल' या वेगळ्या शब्दावरून आला. आग आणि पाणी मराठीत असे एकाच उच्चाराशी येऊन थांबले, ही एक गंमतच.)

या 'ज्वल्'च्या आधी 'उद्' हा उपसर्ग लागला. 'उद्' म्हणजे वर. तो मराठीत पुष्कळ ठिकाणी लपलेला आहे. उठणे, उडणे, उगवणे, उघडणे या सगळ्या क्रियापदांच्या आरंभीचा 'उ' हा त्याचाच अवशेष. 'उद्' आणि 'ज्वल' मिळून झाला 'उज्ज्वल', म्हणजे वर उफाळून पेटलेला, झळझळणारा. प्राकृतात त्याचे 'उज्जल' झाले आणि मराठीत 'उजळ'. शेवटच्या 'ल'चा 'ळ' होणे ही तर मराठीची जुनी सवय. कमलचे कमळ, फलचे फळ, कालचा काळ, तसेच हे.

म्हणजे 'जळणे' आणि 'उजळणे' या सख्ख्या बहिणी. दोघींत फरक एका 'उ'चा. एकीत वस्तू संपते आणि मागे राख उरते. दुसरीत वस्तू जागच्या जागी राहते आणि तिचे तेज वर येते. शेजाऱ्याचे बरे झालेले पाहून माणूस जळतो, पण उजळतो तो स्वतःच्या कष्टाने. हे कुणी पंडिताने ठरवलेले नाही. बोलणाऱ्यांनीच दोन्ही शब्दांना आपापली कामे वाटून दिली.

दोन 'ज' की एक?

माहेर कळले की एक व्यवहारातला घोळही मिटतो. 'उज्ज्वल भवितव्य' लिहिताना अनेकजण एक 'ज' गाळतात आणि 'उज्वल' लिहितात. उलट निमंत्रणपत्रिकेवर 'दीपप्रज्ज्वलन' असा जास्तीचा 'ज' हमखास छापला जातो. एकीकडे उपाशी, दुसरीकडे अजीर्ण!

खरे तर नियम सोपा आहे. 'उद्'मधल्या 'द्'ला पुढचा 'ज' भेटला की संधी होऊन त्याचाही 'ज्' होतो. म्हणून 'उज्ज्वल'मध्ये दोन 'ज'. 'प्र' या उपसर्गाच्या शेवटी असे कोणतेच व्यंजन नाही. म्हणून 'प्रज्वलन' आणि 'प्रज्वलित' यांत एकच 'ज' पुरे. घरात शाळकरी मुले असतील तर त्यांना हे एकदा नीट समजावून सांगावे. पाठ करण्याची गरज उरणार नाही.

मात्र 'उज' किंवा 'उज्ज' दिसले की प्रत्येक शब्दाला याच घरचा समजू नये. उज्जयिनी नगरीचे नाव प्रकाशावरून आलेले नाही. त्यात 'जि' म्हणजे जिंकणे हा धातू आहे, म्हणजे ती विजयिनी. आणि व्रताचे 'उजवणे' आले 'उद्यापन'वरून. 'अद्य'चे 'आज' झाले तेव्हा जसा 'द्य'चा 'ज' झाला, तसाच तिथेही झाला.

काजळीचे दोन गुण

आता पहिला अर्थ घेऊ, दिवा उजळण्याचा. तेलाची पणती पेटते तेव्हा नेमके काय होते? तेल वातीतून वर चढते. ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. तेल जळताना कर्बाचे अगदी बारीक कण तयार होतात. ते तापून लाल-पिवळे होतात आणि समईचा तो ओळखीचा पिवळा उजेड मुख्यतः त्या तापलेल्या कणांचा असतो. तेच कण न जळता बाहेर पडले आणि थंड झाले, की त्यांना आपण काजळी म्हणतो.

म्हणजे जी काजळी कंदिलाच्या काचेवर बसून उजेड अडवते, तीच ज्योतीत असताना उजेड देते. डोळ्यांत घालायचे काजळही तिचेच. काळा रंग आणि प्रकाश यांचे वैर आपण समजतो तितके सरळ नाही, हे इथेच ध्यानात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

वीज नव्हती तेव्हा घरोघरी संध्याकाळच्या आधीचे एक ठरलेले काम असे. कंदिलाची काच काढायची, चुलीतल्या राखेने आणि फडक्याने ती लख्ख पुसायची, वातीचा जळका काठ कातरायचा, रॉकेल भरायचे आणि मग दिवा लावायचा. काच न पुसता वात कितीही मोठी केली तरी उजेड वाढत नसे, उलट काजळीच वाढे. दिवा उजळणे म्हणजे नुसती काडी ओढणे नव्हे, हे त्या पिढीच्या हातांना ठाऊक होते. पेटवणे आणि पुसणे ही दोन्ही कामे मिळून उजेड होत असे. 'उजळणे' या क्रियापदात आजही ही दोन्ही कामे शेजारी शेजारी नांदतात.

चिंच काय देते?

दुसरा अर्थ भांड्यांचा. तांब्याचा हंडा काही दिवस तसाच ठेवला की काळवंडतो. हवेतला ऑक्सिजन तांब्याशी संयोग पावतो आणि वर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे कुठे कुठे हिरवट डागही पडतात. अशा वेळी घरात चिंच आणि मीठ, नाहीतर लिंबाची फोड शोधली जाते. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. ही आम्ले वरचा थर विरघळवतात आणि खालचे तांबे पुन्हा गुलाबी-लाल चमकू लागते.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. चिंच तांब्याला चकाकी देत नाही. चकाकी तांब्याची स्वतःचीच असते. चिंच फक्त मधला आडपडदा दूर करते. उजळणे म्हणजे बाहेरून काही आणून चिकटवणे नव्हे, तर आत जे आहे त्यावरचे झाकण काढणे. आपल्या शब्दाचे मर्म हेच.

दुसरे असे, की हे काम एकदा करून संपत नाही. आज घासलेला हंडा पुढच्या महिन्यात पुन्हा काळवंडतो. दारावर कल्हईवाला येत असे, तो याचसाठी. भाता मारून भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाने आतून पांढरीशुभ्र कल्हई करायची. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते. या 'कळकण्या'त संस्कृत 'कलंक'च दडलेला आहे. भांड्याचा कळंक आणि कुळाचा कलंक हा मुळात एकच शब्द. एक चिंचेने जातो, दुसरा सचोटीने वागून. म्हणूनच नावही 'उजळता' येते आणि काही वाईट केलेले नसले की माणूस 'उजळ माथ्याने' फिरतो.

पाढ्यांची उजळणी

या शब्दाचा सर्वांत देखणा उपयोग मराठीने केला तो शाळेत. शिकलेले पुन्हा डोळ्यांखालून घालण्याला इंग्रजीत रिव्हिजन म्हणतात, म्हणजे पुन्हा पाहणे. हिंदीत दोहराना म्हणतात, म्हणजे दुसऱ्यांदा करणे. संस्कृत वळणाचा शब्द पुनरावृत्ती, म्हणजे पुन्हा फिरून येणे. मराठीने या तिन्हींहून वेगळा विचार केला आणि म्हटले, उजळणी! मुलाला येत नाही असे नाही. त्याला येते, पण त्यावर थोडा गंज चढला आहे. तो घासून काढला की झाले. किती विश्वास आहे या शब्दात!

पूर्वी दिवेलागणीला देवापाशी दिवा उजळला की घरातली मुले हातपाय धुऊन ओळीने बसत आणि परवचा म्हणत. बे एके बेपासून तीसच्या पाढ्यापर्यंत गाडी जाई. त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. बाहेर दिवा उजळायचा आणि त्याच उजेडात मुलांनी पाढे उजळायचे, असा तो जोडकार्यक्रम असे. पाढ्यांच्या छोट्या पुस्तिकेलाही 'उजळणी' हेच नाव पडले.

आज कुणी म्हणेल, ही तर घोकंपट्टी! न समजता घोकणे वाईटच. पण समजलेले टिकवायचे तर त्याला पुन्हा पुन्हा हात लावावा लागतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरजुळण्या पाठ करून त्या किती वेळाने किती विसरतात, हे त्याने मोजले. पाठ केल्यावर सुरुवातीच्या काळात विसरण्याचा वेग फार असतो आणि पुढे तो मंदावतो, असे त्याला आढळले. एका बैठकीत रेटून पाठ करण्यापेक्षा मध्ये दिवस जाऊ देऊन पुन्हा पुन्हा म्हटलेले अधिक टिकते, हेही त्याच्या प्रयोगांतून दिसले.

आपल्या घरातल्या बायकांना हे हंड्यावरून आधीच ठाऊक होते. वर्षातून एकदा तासभर खसाखसा घासण्यापेक्षा दर आठवड्याला थोडा हात फिरवलेला बरा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना आणि त्यांच्याबरोबर जागणाऱ्या पालकांना हे सांगायला हरकत नाही. रोज दहा मिनिटे, पण रोज.

भारतभरची भावंडे

'उज्ज्वल'चे वंशज फक्त मराठीतच आहेत असे नाही. हिंदीत उजला आणि उजाला, गुजरातीत ऊजळुं, पंजाबीत उज्जल. नोकरी-व्यवसायासाठी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला ही भावंडे बाजारात, बसमध्ये, शेजारणीच्या बोलण्यात रोज भेटत असतील.

गेल्या काही वर्षांत तर हा शब्द सरकारी योजनांच्या नावांतून देशभर फिरला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथे 'प्रधानमंत्री उज्ज्वला योजना' सुरू झाली. गरीब घरांतल्या स्त्रियांच्या नावे स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी द्यायची, हा तिचा उद्देश. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत आठ कोटीवी जोडणी दिली गेली. त्याआधी, ५ जानेवारी २०१५ रोजी, स्वस्त एलईडी दिव्यांची योजना सुरू झाली होती. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवली की 'उजाला' होते. तिच्यातून छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

यातला 'उज्ज्वला' हा शब्द विशेष चपखल आहे. लाकूड आणि गोवऱ्यांच्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला ज्वाळेपेक्षा धूरच अधिक येई. तो तिच्या डोळ्यांत आणि छातीत जाई आणि भिंतीवर काजळी धरी. मग ती भिंत सारवायची, ती काळी भांडी राखेने घासायची, हेही तिचेच काम. वर उफाळून उठणारी झळझळती ज्योत म्हणजे 'उज्ज्वल', हा शब्दाचा अगदी मूळ अर्थ. हजारो वर्षांचा प्रवास करून शब्द पुन्हा चुलीपाशी आला. नाव ठेवल्याने धूर जात नाही, सिलिंडर परवडला आणि पुन्हा भरून आणता आला तरच तो जातो, हेही खरे. पण शब्दाने आपले काम चोख केले आहे.

जिथे शब्द वाट चुकला

हिंदीत उजला म्हणजे पांढरा, स्वच्छ. मराठीतही उजळ म्हणजे फिकट, गोऱ्याकडे झुकणारा, असा अर्थ रुळला. कापडाच्या किंवा भिंतीच्या रंगाला तो लावला तर बिघडत नाही. अडचण झाली ती माणसाच्या कातडीला लावला तेव्हा.

आता वरचे सगळे अर्थ एकत्र आठवून पाहा. हंडा उजळतो, कारण तांब्यावर थर चढलेला असतो. पाढे उजळतात, कारण स्मरणावर धूळ बसलेली असते. नाव उजळते, कारण त्यावर डाग तरी असतो किंवा विस्मृती तरी. मग सावळ्या मुलीवर कोणता थर चढला आहे, की तो घासून काढावा? सावळेपणा हा काही कळंक नव्हे. त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे तो रंग येतो आणि ते रंगद्रव्य कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करते. इथे आडपडदा नाहीच. जे आहे तेच मूळचे आहे.

आणि जिला उजळ रंग जन्माने मिळाला, तिने तो घासून मिळवलेला नाही. उजळण्याला तर हात चालवावे लागतात. या शब्दाच्या पाचही अर्थांत कष्ट आहेत. सहाव्यात तेवढे ते नाहीत. म्हणून तो त्या पंगतीत बसत नाही, असेच म्हणावे लागते.

तरी या एका शब्दापायी किती घरांत किती मुलींनी हळदीचे लेप लावले, किती जणी फोटो काढताना मागे उभ्या राहिल्या! १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाचे मलम बाजारात आले आणि त्याने या न्यूनगंडावर मोठा धंदा उभा केला. २०२० साली जगभर वर्णभेदाची चर्चा पेटली तेव्हा कंपनीला त्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घालावा लागला. लग्न जुळवणाऱ्या 'शादी डॉट कॉम' या संकेतस्थळानेही त्याच वर्षी त्वचेच्या रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. शब्द बदलले, ही सुरुवात चांगलीच झाली. पण दाखवायच्या कार्यक्रमात बसलेल्या माणसांची नजर बदलायला जास्त वेळ लागणार. दरम्यान एक इशारा. गोरे करणाऱ्या काही मलमांत स्टिरॉइड असते. डॉक्टरांना न विचारता ती महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होऊन कायमची खराब होऊ शकते. उजळण्याच्या नावाखाली आपण खरोखरचा डाग विकत घेत नाही ना, हे पाहावे.

ज्या महाराष्ट्राचे लाडके दैवत पंढरपूरच्या काळ्या पाषाणात उभे आहे, जिथे शेतकरी आपल्या जमिनीला काळी आई म्हणतो, तिथे तर ही नजर मुळीच शोभत नाही. 'सावळा' हा शब्दसुद्धा 'श्यामल'वरून 'ल'चा 'ळ' करतच आला, अगदी 'उजळ'सारखा. भाषेने दोघांना एकाच वाटेने घरात आणले. भेदभाव केला तो आपण.

घरच्या घरी

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. स्थळाची माहिती लिहिताना रंगाची ओळ गाळून पाहावी. मुलीने काय केले, काय शिकली, कशात तिचा हात चालतो, हे त्या जागी लिहावे. आलेल्या पाहुण्यांसमोर 'थोरली उजळ आणि धाकटी जरा सावळी' अशी तुलना करू नये. बोलणारा विसरून जातो, धाकटी विसरत नाही.

शाळेतून आलेल्या मुलाला 'रिव्हिजन झाली का?' विचारण्याऐवजी कधीतरी 'उजळणी झाली का?' असे विचारावे आणि तिला उजळणी का म्हणतात तेही सांगावे. आणि येत्या दिवाळीत माळ्यावरचा हंडा खाली काढाल, तेव्हा तो एकट्या गृहिणीच्या पुढ्यात ठेवू नये. चिंचेचा एक गोळा मुलाच्या हाती द्यावा, एक त्याच्या बाबांच्या. काळ्या तांब्याखालून लाल तांबे वर येताना मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की 'उजळणे' या शब्दाचा अर्थ त्याला कोशात शोधावा लागणार नाही.